लघवी साफ होते, मग किडनी खराब कशी?

क्रिएटिनिन (किडनीने रक्तातून गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) 6, म्हणजे खूप वाढलेलं आल्याचा रिपोर्ट हातात पडला, की घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अहो, पण लघवी तर अगदी व्यवस्थित होते!" दिवसाला दीड-दोन लिटर, पाण्यासारखी स्वच्छ, आग नाही, अडथळा नाही. मग लॅबचंच काहीतरी चुकलं असणार म्हणून दुसरीकडे तपासणी होते, तिथेही तोच आकडा येतो, आणि या खटाटोपात मोलाचे आठवडे जातात. किडनीबद्दलचा एकच गैरसमज खोडून काढायचा म्हटलं, तर मी हाच निवडीन. तो समजायला थोडं गणित लागतं. पण एकदा ते कळलं, की आपला रिपोर्ट आपल्याला बऱ्यापैकी वाचता येतो.

दोन्ही किडन्यांत मिळून साधारण वीस लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे सुरुवातीला केशवाहिन्यांचा एक सूक्ष्म गुच्छ आणि त्याला जोडलेली लांब नागमोडी नळी. गुच्छात रक्त गाळलं जातं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं आत राहतात, बाकीचं पाणी, क्षार, साखर, युरिया असं सगळं नळीत उतरतं. निरोगी तरुण माणसात मिनिटाला सुमारे 125 मिली द्रव असा गाळला जातो, म्हणजे दिवसाला 180 लिटर! शरीरातलं रक्त पाच लिटर आणि त्यातला पेशी वगळून उरणारा द्रव जेमतेम तीन लिटर. तो दिवसातून साठ वेळा गाळणीतून जातो. यातले 178 लिटर नळ्या परत शोषून घेतात. आपण जी लघवी बघतो, ती फक्त उरलेले दोन लिटर.

आता आजारामुळे गाळण्याचा वेग मिनिटाला 10 मिलीवर आला असं समजा. हा आजाराचा शेवटचा टप्पा. तरीही हिशोब करा: 10 मिली गुणिले 1440 मिनिटं म्हणजे दिवसाला 14.4 लिटर. नळ्यांनी यातले 12.4 लिटर परत घेतले, की लघवी पुन्हा दोनच लिटर. गाळण नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात काडीचाही फरक नाही. लघवी किती होते हे मुख्यतः आपण किती पाणी पितो यावर ठरतं. किडनी किती गाळते, हे त्यावरून कळत नाही.

आणि ती पाण्यासारखी का दिसते? शरीराला रोज युरिया आणि क्षारांचा ठरावीक बोजा बाहेर टाकायचा असतो. शास्त्रीय एककात तो सुमारे 600 मिलिऑस्मोल भरतो. निरोगी किडनी गरज पडली तर लिटरभर लघवीत असे 1200 मिलिऑस्मोल कोंबू शकते, म्हणून पाणी कमी मिळालं त्या दिवशी अर्ध्या लिटरमध्ये काम भागतं. लघवी दाट करायची ही ताकद आजारात फार लवकर जाते. उरलेल्या प्रत्येक नेफ्रॉनवर आधीपेक्षा कितीतरी जास्त युरिया आणि क्षार येऊन पडतात. ते नळीतलं पाणी धरून ठेवतात आणि शोषलं जाऊ देत नाहीत. शेवटी लघवीची दाटी रक्तातल्या द्रवाएवढीच, म्हणजे लिटरला 300 च्या आसपास अडकून राहते. तोच 600 चा बोजा टाकायला मग दोन लिटर लागतातच. लॅबच्या कागदावर 'विशिष्ट गुरुत्व' अशी एक ओळ असते. तिथे प्रत्येक वेळी 1.010 च्या जवळचाच आकडा येत असेल, तर दाटी अशी अडकली असण्याची शंका घ्यायला जागा आहे.

रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. निरोगी किडनी रात्री लघवी दाट करते, म्हणून सलग झोप लागते आणि पहाटेची पहिली लघवी गडद पिवळी असते. ही ताकद गेली, की रात्रीही दिवसाइतकंच पाणी बाहेर पडतं. अर्थात प्रोस्टेट, वाढलेली साखर, झोपण्याआधी प्यायलेलं पाणी ही कारणंही असतात. पण 'वयामुळे असेल' म्हणून सोडून देण्याआधी किडनी तपासलेली असावी. लघवी खरोखर एकदम थांबते, ती मुख्यतः अचानक झालेल्या इजेत, वाटेत अडथळा आला तर किंवा अगदी अखेरीस. डायलिसिसवर असलेल्या अनेकांनाही कित्येक महिने लघवी होत असते.

तेव्हा बाहेर काय पडतं यापेक्षा रक्तात काय मागे राहतं ते मोजायला हवं. क्रिएटिनिन त्यासाठीच. ते स्नायूंमध्ये रोज जवळजवळ ठरावीक प्रमाणात तयार होतं आणि मुख्यतः गाळूनच बाहेर जातं. गाळण निम्मं झालं, की रक्तातली पातळी वाढत दुपटीवर जाऊन स्थिरावते. खरी मेख या दुपटीत आहे. एखाद्याचं क्रिएटिनिन 0.6 असताना गाळण मिनिटाला 120 मिली असेल, तर ते 1.2 होईपर्यंत गाळण 60 वर आलेलं असतं. अर्धी क्षमता गेली, आणि रिपोर्टमध्ये आकडा अजून 'नॉर्मल'च्या रकान्यात! उलट शेवटच्या टप्प्यात 4 चे 8 झाले, तर घरात हलकल्लोळ होतो, पण तिथे गाळण साधारण 20 वरून 10 वर आलेलं असतं. मोठं नुकसान छोट्या आकड्यांच्या काळात होऊन गेलेलं असतं. हे गणित ढोबळ आहे, कारण थोडं क्रिएटिनिन नळ्यांमधूनही टाकलं जातं. त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहूनही थोडा कमीच दिसतो.

म्हणून क्रिएटिनिनच्या जोडीला ईजीएफआर बघायचा. वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून काढलेला हा गाळण्याच्या वेगाचा अंदाज असतो. हा अंदाज काढायच्या 2021 च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात क्रिएटिनिन 1.1 घालून पाहा. 25 वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर येतो 95 च्या आसपास, 70 वर्षांच्या स्त्रीचा 54. आकडा एकच, पण एकाची किडनी ठणठणीत आणि दुसरीची आजाराच्या पाच टप्प्यांपैकी तिसऱ्या टप्प्यात. 60 च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर तो दीर्घकालीन आजार, 15 च्या खाली गेला तर पाचवा टप्पा. एका रिपोर्टवरून शिक्का मारायचा नाही. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेलं असताना किंवा भरपूर मांस खाल्ल्यावर दिलेल्या नमुन्यातही आकडा चढतो.

"तीन महिन्यांत क्रिएटिनिन खाली आणतो" असं सांगून चूर्ण विकणाऱ्यांचं फावतं, तेही इथेच. पेशंटला मांस बंद करायला लावलं, जेवण निम्म्यावर आणलं, त्यात स्नायू झिजले, की क्रिएटिनिन तयारच कमी होतं. आकडा उतरतो, किडनी मात्र आहे तिथेच असते किंवा आणखी खालावते, आणि माणूस अशक्त होतो तो वेगळाच. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हा समजही टाकून द्यायला हवा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्यासाठी वनौषधी घेतलेल्या अनेक स्त्रियांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या. त्या गोळ्यांमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती होती. किडनी 'डिटॉक्स' करणारी कुठलीही गोष्ट नसते, ते काम किडनीचंच आहे.

दुसरी तपासणी लघवीची, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तराची. नुसतं प्रथिन मोजलं, तर पातळ लघवीत ते कमी भासतं. क्रिएटिनिनने भागलं, की पाण्याचा परिणाम निघून जातो. शक्यतो सकाळची पहिली लघवी द्यावी. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम असेल, तर काही दिवस थांबावं. ग्रॅमला 30 मिलिग्रॅमच्या आत निकाल चांगला, 300 च्या वर प्रथिनाची गळती मोठी. गाळणीला इजा झाल्याचं हे चिन्ह अनेकदा ईजीएफआर घसरण्याच्या कित्येक वर्षं आधी दिसतं. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आणि घरात कुणाला किडनीचा आजार असलेल्यांनी वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या कराव्यात. कंबर दुखण्याची वाट पाहू नये. या आजारात बहुतेकदा काहीच दुखत नाही.

नेफ्रॉन मेले, तरी आकडे इतके दिवस बरे का राहतात? उरलेले नेफ्रॉन जास्त काम ओढतात. त्यांच्या गुच्छात दाब वाढतो, प्रत्येकाचं गाळण वाढतं, आणि तोच दाब त्यांना हळूहळू निकामी करून टाकतो. ही कल्पना 1980 च्या दशकात किडनीतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी नेटाने मांडली. आजची औषधं तिच्याच आधारावर उभी आहेत. टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या गुच्छातून बाहेर जाणारी वाहिनी सैल करतात. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली, मूळची मधुमेहाची औषधं आत येणारी वाहिनी किंचित आवळतात. दोन्ही तऱ्हांनी आतला दाब उतरतो.

दाब उतरला, की गाळणही थोडं उतरतं आणि क्रिएटिनिन किंचित चढतं. गोळी सुरू केल्यावर 1.5 चं 1.7 झालं, की "गोळीनेच किडनी खराब केली" म्हणून ती परस्पर बंद होते. हे अजिबात करू नये. टेल्मिसार्टन-रामिप्रिलच्या गटातली गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. मूळ आकड्यापेक्षा 30 टक्क्यांपर्यंतची वाढ अपेक्षित धरतात आणि गोळी चालू ठेवतात. त्याहून जास्त वाढली, तर डॉक्टर कारण शोधतात. बऱ्याचदा ते डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन निघतं. या वेदनाशामक गोळ्या आत येणारी वाहिनी मोकळी ठेवणारी रसायनं अडवतात. रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यावर ही वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र आली, अंगात पाणीही कमी असलं, तर गुच्छातला दाब कोसळून किडनी दोन-चार दिवसांत बंद पडू शकते. म्हणून गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळीचं नावही किडनीच्या डॉक्टरांना सांगायचं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी फोन करून कोणती गोळी किती दिवस थांबवायची ते विचारायचं, आणि परत कधी सुरू करायची तेही.