हवेशी हरलेली कोब्रा आणि शेपूट कापलेली डेटोना

लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढायचा खेळ आपण सगळ्यांनी खेळलाय. पंजा आडवा धरला की तो मस्त हवा कापत जातो, आणि उभा केला रे केला की कोणीतरी हात धरून मागे ओढतंय असं वाटतं, तेवढ्यात कंडक्टर ओरडतो आणि खेळ संपतो. हात तोच, एसटी तीच, स्पीड तोच, फरक एवढाच की हवेसमोर हात कसा धरलाय. अमेरिकेच्या शेल्बी कोब्रा ह्या रेसिंग कारची गोष्ट मला वाचल्यापासून ह्या पंजासारखीच वाटत आलीये.

कॅरोल शेल्बी हा टेक्ससचा माणूस. १९५९ साली रॉय साल्वाडोरीबरोबर अॅस्टन मार्टिन चालवून त्याने फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची रेस जिंकली, पण हृदयाचा त्रास होता म्हणून लवकरच ड्रायव्हिंग सोडावं लागलं. मग १९६२ मध्ये त्याने एक भन्नाट जुगाड केला, इंग्लंडच्या एसी कंपनीची छोटी हलकी स्पोर्ट्स कार घेतली आणि तिच्यात फोर्डचं दणकट व्ही-८ इंजिन बसवलं. ती कोब्रा. अमेरिकेतल्या वळणावळणाच्या ट्रॅकवर तिने धुमाकूळ घातला, कारण वजन कमी आणि ताकद भरपूर, वळणातून बाहेर पडताना ती अक्षरशः उडी मारायची.

पण युरोपात गेल्यावर गाडं अडलं. ल मान्सला मुल्सानचा सरळ रस्ता तेव्हा जवळपास ६ किलोमीटरचा होता, मध्ये वळण नाही, ब्रेक नाही, पाय दाबून धरायचा फक्त. तिथे कोब्रा ताशी २५५ किलोमीटरच्या आसपास जाऊन अडकायची आणि फेरारी २५० जीटीओ २९० च्या आसपास निघून जायची. गंमत बघा, फेरारीचं इंजिन ३ लिटरचं, ताकद साधारण ३०० हॉर्सपॉवर, आणि कोब्राचं ४.७ लिटरचं, ताकद ३७० च्या पुढे. म्हणजे जिच्याकडे ताकद जास्त तीच मागे.

आता इथे थोडं गणित, पण अगदी सोपं. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, स्पीड दुप्पट केला तर विरोध चौपट. आणि त्या विरोधाला सतत ढकलत राहायला लागणारी ताकद घनाने वाढते, दुप्पट स्पीडला आठपट. टायरचं घर्षण वगैरे बाजूला ठेवलं आणि कोब्राला २५५ वरून २९० ला न्यायचं म्हटलं, तर २९० भागिले २५५ म्हणजे १.१४, त्याचा घन करा, जवळपास दीडपट येतो. म्हणजे ३७० च्या जागी साडेपाचशे हॉर्सपॉवर हवी, त्या काळच्या त्या इंजिनातून २४ तास एवढी ताकद काढणं म्हणजे इंजिन फोडूनच घेणं. दुसरा रस्ता एकच, हवेचा विरोधच कमी करायचा.

कोब्रा होती उघडी गाडी. काच सरळ उभी, तिच्या मागे सीटचा मोठा खड्डा. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की पुलाच्या खांबामागे कसे भोवरे फिरत राहतात ते आठवा, तसंच हवेचं होतं. हवा काचेवरून उडते, मागे पुन्हा चिकटून वाहत नाही, आणि तिथे कमी दाबाची पोकळी तयार होते जी गाडीला सतत मागे खेचत राहते. आपल्याला वाटतं हवा समोरून अडवते, पण खरी ओढ बरीचशी मागून असते, आणि मला वाटतं ह्या सगळ्या विषयातली हीच सगळ्यात सुंदर गोष्ट आहे.

उपाय पाण्याच्या थेंबाचा आकार, पुढे गोल आणि मागे हळूहळू निमुळता. अडचण अशी की मागचा उतार फार तीव्र केला तर हवा सुटते, आणि सौम्य ठेवला तर शेपूट कित्येक मीटर लांब करावं लागतं. जर्मनीच्या वुनिबाल्ड काम ह्यांनी १९३० च्या दशकात दाखवलं होतं की शेपूट सौम्य उताराने थोडं पुढे न्या आणि मग सरळ कापून टाका, फायदा बराचसा तसाच राहतो.

शेल्बीकडे पीट ब्रॉक नावाचा तरुण डिझायनर होता, वय २७, त्याने हा धागा पकडला. नियमात एक फटही होती, चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तीच ठेवून बॉडी बदलायला जीटी गटात, म्हणजे कोब्रा आणि जीटीओ धावायच्या त्या गटात, परवानगी होती, फेरारीने जीटीओ तशीच आणलेली. ब्रॉकने एक उघडी चासी घेतली, ड्रायव्हर केन माइल्सला सीटवर बसवलं, त्याची नजर कुठे जाते ते बघून पुठ्ठा आणि टेप लावून काच कुठे हवी ते ठरवलं आणि तिथून सगळा आकार वाढवत नेला. काच चांगली तिरकी, छप्पर मागे हळू उतरणारं आणि शेवटी सुरीने कापल्यासारखा सपाट पार्श्वभाग. वर्कशॉपमधल्या बऱ्याच जणांना ते ध्यान आवडलं नाही, विमानांची माहिती असलेल्या एका जाणकारानेही हे चालणार नाही असंच सांगितलं, पण माइल्सचा विश्वास होता आणि शेल्बीने काम थांबवलं नाही.

१ फेब्रुवारी १९६४ ला कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला माइल्सने ती चालवली आणि लॅप रेकॉर्ड साडेतीन सेकंदांनी मोडलं. रेसिंगमध्ये लोक दशांश सेकंदासाठी रात्री जागवतात हो, साडेतीन सेकंद म्हणजे काय! इंजिन तेच होतं.

पुढचा प्रवास मात्र सरळ नव्हता. अमेरिकेतल्या डेटोनाच्या रेसमध्ये गाडी आघाडीवर असताना तापलेल्या डिफरेन्शियलमुळे, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यामुळे, पेट्रोल भरताना आग लागली आणि रेस गेली, नाव मात्र तिथलंच चिकटलं, डेटोना कूपे, कूपे म्हणजे छप्पर असलेली बंद गाडी. मार्चमध्ये सेब्रिंगला बॉब होल्बर्ट आणि डेव्ह मॅकडोनाल्डने जीटी गट जिंकला. हा मॅकडोनाल्ड दोनच महिन्यांनी इंडियानापोलिसच्या रेसमध्ये अपघातात मरण पावला, ते वाचताना अजून वाईट वाटतं.

मे महिन्यात बेल्जियमच्या स्पा इथे आकाराची दुसरी बाजू दिसली. असं निमुळतं छप्पर विमानाच्या पंखासारखं वागायला लागतं, वरून हवा वेगात जाते, मागचा भाग वर उचलला जातो आणि मागच्या टायरची पकड सुटते. फिल हिलला गाडी मागून हलकी वाटली, मग कापलेल्या शेपटाच्या काठावर पत्र्याची एक उभी पट्टी, म्हणजे स्पॉयलर बसवला, आणि गाडी जमिनीला बसली. एवढीशी पट्टी, पण तिच्याशिवाय २९० च्या वर ती चालवणं म्हणजे जीव मुठीत.

जूनमध्ये ल मान्सला डॅन गर्नी आणि बॉब बाँडुरंट एकूणात चौथे आले, जीटी गटात पहिले, सगळ्या जीटीओंच्या पुढे. शेल्बीच्या टीमची दुसरी डेटोना बाहेरची बॅटरी लावून स्टार्ट केली म्हणून बाद झाली. त्या वर्षी इटलीतल्या मोंझाची शर्यत रद्द झाली आणि वर्षभराच्या रेसच्या गुणांवर ठरणारी चॅम्पियनशिप फेरारीकडेच राहिली, शेल्बीच्या लोकांना ते किती लागलं असेल! पण ४ जुलै १९६५ ला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीच, फ्रान्समध्ये रॅन्सच्या १२ तासांच्या रेसमध्ये गट जिंकून जीटीची जागतिक चॅम्पियनशिप त्यांनी पक्की केली, हा मान मिळवणारी ती पहिली अमेरिकन कंपनी.

एकूण ६ गाड्याच बनल्या. पहिली कॅलिफोर्नियात, बाकी पाचांच्या बॉडी इटलीत मोडेनाला, म्हणजे फेरारीच्या अगदी दारातच ठोकल्या. पहिली, चासी नंबर सीएसएक्स २२८७, आज फिलाडेल्फियाच्या सिमिओन म्युझियममध्ये आहे आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदीत पहिला नंबर तिलाच मिळाला. तिला चकचकीत रंग दिलेला नाही, रेसचे ओरखडे तसेच ठेवलेत. फोटो मिळाला तर समोरून बघू नका, मागे जा, जिथे छप्पर उतरता उतरता एकदम संपतं तिथे.