दोन प्लास्टिक, एक भाग: ‘ओव्हरमोल्डिंग’ या शब्दामागचा गुंता

मऊ पकडीचा एखादा स्क्रूड्रायव्हर घ्या. रबरासारखा थर कडक प्लास्टिकला जिथे भेटतो त्या रेषेवर नख फिरवा. नख अडकले नाही आणि कड जराही उचलली गेली नाही, तर जोड जमला. कड सुटून साल निघू लागली, की दोष बहुतेक वेळा मटेरियलच्या माथी मारला जातो. पण कित्येकदा मूळ त्याच्या आधी, ड्रॉइंगवर लिहिलेल्या एका शब्दात असते. तो शब्द म्हणजे ‘ओव्हरमोल्डिंग’: एका प्लास्टिकच्या भागावर साच्यात दुसरे चढवणे.

इंजेक्शन मोल्डिंगचे, म्हणजे वितळलेले प्लास्टिक दाबाने साच्यात भरण्याचे, पहिले यंत्र 1872 चे, सेल्युलॉइडसाठीचे आणि दट्ट्याने ढकलणारे. साच्यात धातूचा तुकडा ठेवून त्याभोवती प्लास्टिक घालण्याची युक्तीही जुनीच. दोन प्लास्टिक एकत्र आणण्याला खरा जोर आला तो 1950 च्या दशकात पुढेमागे सरकणारा स्क्रू आल्यावर. मटेरियल एकसारखे वितळू लागले, शॉट, म्हणजे एका वेळी साच्यात सोडायचे मटेरियल, मोजून देता येऊ लागला आणि एकाच यंत्राला दोन बॅरल, म्हणजे मटेरियल वितळवणाऱ्या नळ्या, जोडणे परवडू लागले.

सुरुवातीचा हेतू रंगाचा होता. टाइपरायटरच्या, पुढे कॅल्क्युलेटर आणि संगणकाच्या बटणांवरचे अक्षर छापलेले नसे. ते दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकचे असे आणि बटणाच्या जाडीत खोलवर उतरलेले असे, म्हणून कितीही वापरले तरी पुसले जात नसे. त्यातली एक अडचण फार सुंदर आहे. ‘ठ’सारख्या अक्षराच्या पोटात बंद गोल असतो. त्या गोलातला तुकडा बाकीच्या भागापासून सुटून तरंगता राहतो, म्हणून पृष्ठभागाखालून त्याला पूल द्यावा लागतो. वरून दिसते ते फक्त अक्षर. साचा बनवणाऱ्याची सगळी मेहनत खाली दडलेली. गाड्यांच्या मागच्या दिव्यांचे लाल, पिवळे आणि पारदर्शक भाग एकाच भिंगात आले तेही याच वाटेने. त्या काळात ‘टू-कलर’ हा शब्द चपखल होता, कारण प्लास्टिक बहुधा एकाच कुळातले असे आणि चिकटण्याचा प्रश्नच येत नसे.

1970 च्या सुमारास सँडविच पद्धत आली. साच्याच्या भिंतीला लागलेले मटेरियल लगेच थिजते आणि मागून येणारे मधूनच पुढे सरकते. आधी थोडे एक मटेरियल आणि पाठोपाठ त्याच वाटेने दुसरे सोडले, की पहिल्याची त्वचा होते आणि दुसऱ्याचा गाभा. दोन मटेरियल आहेत, दोन बॅरल आहेत, पण साचा एकदाच भरतो. शब्दांच्या गोंधळाचे बी इथेच पडले.

चित्र पालटले ते थर्मोप्लास्टिक इलास्टोमरमुळे. स्टायरीनवर आधारलेले प्रकार 1960 च्या दशकात आले आणि पॉलीप्रॉपिलीनमध्ये व्हल्कनाइझ केलेले रबर विखुरलेला प्रकार 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला. रबराचा स्पर्श, पण प्रक्रिया प्लास्टिकची. 1990 मध्ये जाड, मऊ मुठीची स्वयंपाकघरातली साधने बाजारात आली आणि त्यानंतर टूथब्रश, दाढीची यंत्रे, हत्यारे, सगळ्यांनाच मऊ पकड हवीशी झाली. फिरणारे टेबल, साच्यातच मागे सरकणारी कोअर (साच्याचा आतला भाग), मधला भाग फिरणारे घनाकृती साचे हे सगळे या मागणीने वेगाने पुढे नेले.

मग शब्दांची गर्दी झाली. ‘टू-शॉट’ शॉट मोजतो. ‘टू-के’मधला ‘के’ जर्मन ‘कोम्पोनेंटे’चा, म्हणजे तो घटक मोजतो; म्हणून काही ठिकाणी सँडविचलाही ‘टू-के’ म्हटले जाते. ‘ओव्हरमोल्डिंग’ काहीच मोजत नाही. एकावर दुसरे चढले, एवढेच तो सांगतो. काही जण त्यात टू-शॉट धरतात. काहींच्या लेखी त्याचा अर्थ नेमका उलटा: पहिला भाग एका यंत्रावर काढायचा, थंड होऊ द्यायचा, हाताने किंवा रोबोने दुसऱ्या साच्यात ठेवायचा आणि मग वर मऊ थर घालायचा. दोन्ही अर्थ चालू वापरात आहेत. ड्रॉइंग काढणाऱ्याच्या मनात एक असतो, कोटेशन देणाऱ्याच्या मनात दुसरा.

हा नुसता शब्दांचा वाद असता तर इतकी जागा दिली नसती. फरक तापमानाचा आहे. वितळलेले मटेरियल थंड भिंतीला टेकते तेव्हा, दोन्हींचे उष्णतेचे गुण सारखे धरले तर, स्पर्शरेषेवरचे तापमान साधारण मध्यावर येते. मऊ मटेरियल 230 अंश सेल्सियसला आले आणि आधीचा पॉलीप्रॉपिलीनचा भाग 40 अंशांना निवलेला असला, तर रेषेवर सुमारे 135 अंश मिळतात. पॉलीप्रॉपिलीन वितळते 160 ते 165 च्या आसपास. तोच भाग साच्यातून न काढता 100 अंशांवर फिरवून दुसऱ्या पोकळीसमोर आणला, तर रेषा 165 पर्यंत पोहोचते, पृष्ठभाग क्षणभर वितळतो आणि दोन्हींच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. मटेरियल तेच, साच्याचा आकारही तोच. शिवाय बाहेर काढून ठेवलेल्या भागावर धूळ बसते, बोटांचा तेलकटपणा लागतो, शेजारच्या यंत्रावर मारलेल्या सिलिकोन स्प्रेचा अंश येऊन बसतो. नायलॉन असेल तर ते ओलावाही ओढून घेते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ड्रॉइंगवर नुसते ‘ओव्हरमोल्ड’ लिहून थांबू नये. भाग साच्यातच राहणार की बाहेर जाऊन परत येणार, हे लिहावे.

याच्याच पोटातला दुसरा वाद यांत्रिक पकडीचा. आरपार भोके, खाचा आणि कडेला गुंडाळलेला थर देऊन मऊ भाग अडकवावा, की रासायनिक जोडावर विसंबावे? एबीएस आणि पॉलीकार्बोनेट या कडक प्लास्टिकांवर चिकटून बसणारे मऊ मटेरियलचे खास ग्रेड आल्यावर अनेकांनी खाचा गाळल्या. साचा सोपा होतो, भाग देखणा दिसतो. सोलून पाहण्याच्या चाचणीत मऊ थर स्वतः फाटला पण रेषा सुटली नाही, तर हा विश्वास सार्थ. पण ती चाचणी सपाट पट्टीवर होते, आणि खऱ्या भागाची सोलण कडेपासून सुरू होते. कड उघडी आणि पातळ होत गेलेली असेल तर खाच हवीच. कड जाड ठेवून कडक भागातल्या पायरीला टेकवून संपवावी, हे तर किमान.

द्रवरूप सिलिकोनने गणित उलटे केले. त्याचा साचा 150 अंशांच्या वर तापवायचा, तर शेजारचा प्लास्टिकचा भाग थंड राखायचा. एकाच साच्यात दोन हवामाने सांभाळावी लागतात. स्वतःहून चिकटणारे ग्रेड आल्यावर हे वैद्यकीय आणि सीलच्या भागांत रुळले.

गेल्या काही वर्षांत चर्चा पुनर्वापराकडे वळली आहे. सँडविच पद्धतीला त्यामुळे नवे आयुष्य मिळाले, कारण पुन्हा वापरलेले प्लास्टिक गाभ्यात दडवता येते. मऊ पकडीच्या भागांची मात्र अडचण झाली. चुरा वेगळा करण्याची एक नेहमीची रीत म्हणजे पाण्याचे टाके: पाण्याची घनता 1 धरली तर पॉलीप्रॉपिलीनची 0.9 च्या आसपास, ते तरंगते, एबीएस 1.05 च्या आसपास, ते बुडते. एबीएसला घट्ट धरून बसलेला हलका मऊ थर चुऱ्यातही सुटत नाही, आणि तो कण तरंगेल की बुडेल हे त्यात कोण किती आहे यावर ठरते. पॉलीप्रॉपिलीनवर त्याच कुळातला मऊ प्रकार असेल तर दोन्ही तरंगतात आणि बऱ्याच अंशी एकत्र वितळवता येतात. आता काही ड्रॉइंगवर जोड किती घट्ट हवा याच्या शेजारीच दोन्ही मटेरियल एकाच कुळातली असावीत, अशीही अट दिसू लागली आहे.