औषध आधी की विष आधी?

कोल्हापूरच्या शिवारात भांगलणीला माणूस मिळेनासा झाला, तशी तणनाशकाची फवारणी वाढली. कडक उन्हात बांधावर पॅराक्वाट मारलं की काही तासांतच तण करपायला लागतं. 1962 पासून बाजारात असलेल्या या रसायनाच्या विषबाधेवर आजही उतारा नाही. म्हणूनच ‘अमुक अँटिऑक्सिडंटमुळे (ऑक्सिजनच्या घातक रूपांना आवर घालणाऱ्या द्रव्यामुळे) उंदीर वाचले’ असं कुठे वाचलं, की मी आधी एकच गोष्ट शोधतो: औषध कधी दिलं होतं?

तणाच्या पानात पॅराक्वाट प्रकाशसंश्लेषणातले इलेक्ट्रॉन पळवतं, म्हणून त्याला ऊन लागतं. प्राण्याच्या पेशीत ते एनएडीपीएच या रेणूकडून इलेक्ट्रॉन मिळवतं आणि लगेच ऑक्सिजनला देऊन टाकतं. ऑक्सिजनचा होतो घातक सुपरऑक्साइड. पॅराक्वाट मात्र जसंच्या तसं मोकळं होऊन पुढच्या फेरीला निघतं. रहाटगाडगंच ते! त्यात फुप्फुसाच्या पेशी पॉलिअमाइन नावाची उपयोगी द्रव्यं आत ओढून घेतात आणि त्यांच्यासारख्याच घडणीचं पॅराक्वाटही त्याच वाटेने आत शिरतं. तिथे ऑक्सिजनला तोटा नाही. रुग्णाला धाप लागलेली असूनही डॉक्टर ऑक्सिजन लावताना हात आखडता घेतात, तो यामुळे.

प्रयोगशाळेत उंदरांचे गट करतात. एकाला नुसतं विष, दुसऱ्याला विष आणि औषध, तिसऱ्याला दोन्ही नाही. मग फुप्फुसाच्या ऊतीत मॅलनडायअल्डिहाइड मोजतात. पेशीच्या आवरणातली चरबी जळाल्याची ही राख म्हणा. थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर तापवलं की गुलाबी रंग येतो. रंग गडद, तितकी इजा जास्त. औषधाच्या गटात रंग फिका आला, पेशीचं स्वतःचं संरक्षक द्रव्य ग्लुटाथायोन टिकून राहिलं, की निष्कर्ष आशादायक ठरतो.

पण अशा अनेक प्रयोगांत औषध विषाच्या आधी किंवा बरोबरच दिलेलं असतं. शेतातल्या माणसाच्या बाबतीत ते कधीच शक्य नसतं. शिवाय क जीवनसत्त्वासारख्या अँटिऑक्सिडंटचा रेणू इलेक्ट्रॉन देऊन खर्ची पडतो, पॅराक्वाटचा खर्ची पडत नाही. हा हिशेब जुळवणं अवघड. क आणि ई जीवनसत्त्व, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं अँटिऑक्सिडंट औषध, हे सगळं रुग्णांनाही देऊन पाहिलं आहे; त्याने मृत्यू टळतात हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही.

पोर्तुगालमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला म्हणूनच मोलाचा वाटतो. त्यांनी विषानंतर दोन तासांनी सोडियम सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्या जातीचं औषध दिलं आणि त्या गटातले उंदीर जगले. तरी दोन तासच. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या आसपास. आधी गावातला डॉक्टर, मग गाडीची शोधाशोध, मग घाट. जनावरांचा जीव खर्ची घालायचाच असेल, तर सहा तासांनी, बारा तासांनी औषध दिलेला गट त्या प्रयोगात हवा.

तोवर पहिले तास फार मोलाचे. पॅराक्वाट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं, म्हणून रुग्णालयात मुलतानी माती किंवा सक्रिय कोळसा पोटात देतात. पण विष रक्तात उतरण्याआधीच त्याचा उपयोग.