हँडिकॅप शून्य म्हणजे कॉलेज संघात जागा पक्की?

‘हँडिकॅप शून्यावर आला की अमेरिकेत कॉलेज गोल्फ संघात जागा पक्की’, असा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. हँडिकॅप म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितका खेळ चांगला. म्हणून असा समज होणं स्वाभाविक आहे. पण हँडिकॅप निघतो शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ वरून. बिघडलेले दिवस त्यात दिसतच नाहीत. प्रशिक्षक स्पर्धेतले सगळे स्कोअर पाहतात. संघातले पाच खेळतात, चौघांचे स्कोअर धरतात, म्हणून सातत्य फार मोलाचं.

स्वतः पडताळा. स्पर्धेतल्या २० फेऱ्या वहीत उतरवा, प्रत्येक स्कोअरमधून त्या मैदानाचं कोर्स रेटिंग (शून्य हँडिकॅपच्या खेळाडूकडून तिथे अपेक्षित स्कोअर) वजा करा, सरासरी काढा. ६ आली, तर हंगामाचं लक्ष्य ४ ठेवा. हे दोन फटके बहुतेकदा लांब ड्राइव्हमध्ये, म्हणजे टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेल्या पहिल्या फटक्यात, सापडत नाहीत. टीवरून चेंडू हद्दीबाहेर गेला, की तिथूनच मारलेला पुढचा फटका तिसरा मोजतात. असे दंड आणि ज्या ग्रीनवर (होलभोवतीच्या हिरवळीवर) तीन-तीन पट, म्हणजे चेंडू होलकडे ढकलणारे हलके फटके, लागले, त्या आधी मोजा.