शेतात दगड लागला, आता पुढे? बेळगाव-खानापूरकडच्या खाणपट्ट्याच्या अर्जाबद्दल

जांबोटीकडचे एक काका पावसाळ्याआधी कापडी पिशवी घेऊन माझ्याकडे आले. पिशवीत उतारा, फेरफार, आधार कार्ड आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला जांभ्याचा तुकडा. विटकरी रंग, आत पिवळसर मातीची भोकं. तुकडा टेबलावर ठेवत म्हणाले, "अख्खा माळ असा आहे बघा. चिरे पाडायचेत. चंदगडात माझा मेहुणा तहसीलला अर्ज देतो, ब्रासाच्या हिशोबाने रॉयल्टी भरतो आणि मोकळा होतो. तसंच आमचंही करून द्या की."

अर्ज लिहून देण्याच्या या धंद्यात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता सुरुवात तिथूनच करतो. मेहुण्याचा सल्ला इथे चालत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत चंदगड आपल्या बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूरला गेला आणि एकाच माळाचे दोन भाग झाले. दगड दोन्हीकडे तोच आहे, पण अर्जाची खिडकी वेगळी. तिकडे गौण खनिजाचा कारभार महसूल खात्याकडे आहे: जिल्हाधिकारी, तहसीलदार, महाखनिज पोर्टल आणि २०१३ चे नियम. इकडे स्वतंत्र खाण व भूविज्ञान विभाग आहे, ज्याला आपल्याकडे सरळ 'गणी खातं' म्हणतात. त्याचं मुख्यालय बेंगळुरूच्या खनिज भवनात, जिल्ह्याचं कार्यालय बेळगावात, आणि नियम १९९४ चे कर्नाटक गौण खनिज सवलत नियम. तिकडे ब्रास, इकडे मेट्रिक टन. त्यामुळे तिकडून आणलेला अर्जाचा नमुना इथे रद्दीतच जातो.

जमीन तुमची, दगड कुणाचा?

सातबारा म्हणा की उतारा, त्यावर नाव असलं म्हणजे जमिनीखालचंही आपलंच, असं बहुतेकांना वाटतं. कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ प्रमाणे खनिजावरचा हक्क सरकारचा, आणि त्याआधी मुंबई इलाख्यातही कायदा तसाच होता. केरळातल्या मलबारच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मालकाच्या बाजूने निकाल दिला होता. त्याचं कात्रण दाखवून इथे वाद घालणारे भेटतात, पण तिथला जमिनीचा हक्क मुळात वेगळ्या प्रकारचा होता. आपल्याकडे स्वतःच्या शेतातला दगड विकायचा तरी खाणपट्टा, म्हणजे सरकारशी खाणीचा करार, घ्यावा लागतो आणि रॉयल्टी भरावी लागते.

न विचारता काढला तर? खाण व खनिज कायदा १९५७ च्या कलम २१ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी पाच लाखांपर्यंत दंड आहे. गाडी आणि यंत्र जप्त होतं, काढलेल्या मालाची किंमत वसूल होते ती वेगळीच. विहिरीचा किंवा शेत सपाट करताना निघालेला दगड बांधावर रचला तर सहसा कुणी विचारत नाही, पण तोच ट्रॅक्टरमध्ये भरून रस्त्यावर आणला की प्रश्न सुरू होतात. तेव्हा एवढ्यासाठी खाणपट्टा नको असला, तरी माल हलवण्याआधी खात्यात लेखी विचारून रॉयल्टी आणि परवाना घ्यावा.

आधी खनिज कोणतं ते ठरवा

अर्जाचा सगळा मार्ग यावरच ठरतो. बांधकामाचा दगड, मुरूम, साधी माती, साधी वाळू ही आधीपासूनच गौण खनिजं. जांभा मात्र १० फेब्रुवारी २०१५ ला गौण झाला, त्याच्याबरोबर डोलोमाइट, क्वार्टझाइट वगैरे मिळून ३१ खनिजं. बॉक्साइट, चुनखडी, लोहखनिज, मँगनीज, सोनं ही प्रमुख खनिजं, त्यांचा रस्ता निराळा.

आपल्या जिल्ह्यात हे सगळं कसं पसरलंय ते थोडं सांगतो, कारण अर्जात 'खनिज' या रकान्यात लोक काहीही लिहितात. निपाणी, चिक्कोडी, बेळगावचा बराच भाग काळ्या पाषाणावर म्हणजे दख्खनच्या बेसाल्टवर आहे. खडी, रबल, पायाचा दगड तिथला. पश्चिमेकडे घाटमाथ्याकडे त्यावर जांभ्याची टोपी आहे, आणि त्याच टोपीत जागोजाग बॉक्साइट. बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला पलीकडच्या राधानगरी-चंदगड डोंगरांतलं बॉक्साइट येत आलंय ते म्हणूनच. पूर्वेला गोकाककडे गेलात की पाषाण संपून कलादगी खोऱ्याचे थर लागतात. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो, तो त्यातलाच क्वार्टझाइट. यादवाडला सिमेंट कारखाना आला तो या खोऱ्यातल्या चुनखडीमुळे. खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली, ग्रामोद्योग आयोगाचं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्रही तिथेच आहे.

मुद्दा असा, की जांभ्यासाठी अर्ज करून खाली बॉक्साइट लागलं तर ते तुमचं नाही. मिळालेला पट्टा ज्या खनिजाचा, तेवढंच काढायचं, दुसरं सापडलं तर खात्याला कळवायचं. काका हे ऐकून थोडे गप्प झाले. मनात त्यांनी बॉक्साइटचा हिशोब आधीच मांडला असावा.

जमिनीचा प्रकार

सरकारी जमीन असेल, गायरान किंवा पडीक, तर तुम्ही अर्ज करून पट्टा मिळत नाही. खातं ब्लॉक ठरवतं, अधिसूचना काढतं आणि ऑनलाइन लिलाव होतो. ज्याची बोली जास्त, त्याला पट्टा. मालकीच्या जमिनीत मात्र मालकाला, किंवा मालकाची संमती असलेल्याला, अर्ज करता येतो. वनजमीन असेल तर केंद्राच्या वन कायद्याखालची परवानगी आधी, बाकी सगळं नंतर. छोट्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन असेल तर १९७८ चा पीटीसीएल कायदा लागतो. सरकारच्या परवानगीशिवाय तिचं हस्तांतर चालत नाही. 'भाडेपट्टा आहे, विक्री नाही' ही पळवाट सांगणारे दलाल फिरत असतात. त्यांच्यापासून लांब राहा.

कागदपत्रं, म्हणजे खरी कसरत

अर्जदार भारतीय नागरिक, भागीदारी संस्था, नोंदणीकृत कंपनी किंवा सहकारी संस्था असू शकतो. ओळखीसाठी आधार, पॅन, धंद्याचं जीएसटी, आणि संस्था असेल तर तिची नोंदणीपत्रं. खनिज खात्याची जुनी थकबाकी नाही याचं प्रतिज्ञापत्र. हे सगळं एका दिवसात जमतं.

जमत नाही ते जमिनीचं. चालू वर्षाचा उतारा भूमी केंद्रातून मिळेल, फेरफारही मिळेल. अडचण सुरू होते ती उताऱ्यावरच्या नावांपासून. काकांच्या उताऱ्यावर सहा नावं होती. दोघं वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद नाही. एक आत्या लग्न होऊन पुण्याला, चाळीस वर्षांत या माळावर पाय ठेवलेला नाही, पण नाव आहे म्हणजे सही हवीच. सगळ्या सहहिस्सेदारांची स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेली संमती लागते, आणि 'आत्या काही म्हणणार नाही' हे संमतीपत्र होत नाही. तेव्हा गणी खात्यात जाण्याआधी तलाठ्याकडे जाऊन वारसा चढवून घ्या. महिने यातच जातात.

दुसरी गाठ नकाशाची. पूर्ण सर्व्हे नंबर नको, त्यातला तुकडाच पट्ट्यासाठी द्यायचा असेल तर मोजणी खात्याकडून त्या भागाचा स्वतंत्र नकाशा काढून घ्यावा. सोबत मोजणी खात्याचे जुने कागद म्हणजे टिपण आणि आकारबंद, गावनकाशा, आणि कोपऱ्याकोपऱ्याचे जीपीएस अक्षांश-रेखांश. टिपणावरची साखळीची मापं आणि मोबाइलवर घेतलेले बिंदू हमखास जुळत नाहीत. एका अर्जात शेताचा कोपरा शेजारच्या नाल्यात पडला होता, आणि तेवढ्यावरून फाईल परत आली. मोबाइलवर विसंबू नका, परवानाधारक मोजणीदाराकडून घ्या.

जुनी खरेदीखतं कधी कधी मोडी लिपीत असतात. त्यांचं वाचन करून घेऊन मग कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. भाषेचं म्हणाल तर फॉर्म आणि पोर्टल कन्नड-इंग्रजीतच आहे, तिथे मराठीत भरून चालणार नाही. तक्रार किंवा गाऱ्हाणं मात्र घटनेच्या कलम ३५० प्रमाणे राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. त्यासाठी भांडायचं तर जरूर भांडा, पण अर्जाची फाईल त्या भांडणात अडकवू नका. आणि कन्नड कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, वाचून दाखवणारा जावई असला तरी.

अर्ज दिल्यावर

अर्ज विभागाच्या पोर्टलवर ऑनलाइन जातो, शुल्क तिथेच. मग महसूल खात्याचं मत, वन खात्याचं मत, आणि भूवैज्ञानिकाची जागेवर पाहणी. पाहणीच्या दिवशी स्वतः हजर राहा. हद्दीचे दगड, जवळची घरं, रस्ता, कालवा, विजेच्या तारा, देवस्थान, सगळं ते टिपून घेतात. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे येतं.

तत्त्वतः मंजुरीचं पत्र हाती आलं की लोक पेढे वाटतात. घाई करू नका, त्या पत्रावर एक दगडही काढता येत नाही. त्यानंतर पात्र तज्ज्ञाकडून खाणकाम आराखडा करून मंजूर करून घ्यायचा, आणि मग पर्यावरण मंजुरी. पूर्वी पाच हेक्टरांखालच्या खाणींना ती लागत नसे. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात ती सूट बंद केली. आता दोन एकरांच्या चिरेखाणीलाही केंद्राच्या परिवेश पोर्टलवर अर्ज आहे. शेजारच्या खाणी पाचशे मीटरच्या आत असतील तर सगळ्यांचं क्षेत्र एकत्र मोजतात, आणि ते पाच हेक्टरांच्या वर गेलं की जनसुनावणी आली. म्हणून अर्ज करण्याआधी आजूबाजूला किती पट्टे आहेत ते चौकशी करून ठेवा. पुढे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा, उभारणीआधी आणि चालवण्याआधी.

खानापूर तालुक्याला यात एक जास्तीचं प्रकरण आहे. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, त्याच्या भोवतालचा संवेदनशील टापू वेगळा. शिवाय पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात तालुक्यातली अनेक गावं आहेत. २०१४ पासून मसुदे निघतायत, सहावा ३१ जुलै २०२४ चा. त्यात खाणकामाला बंदी आहे. आपलं गाव यादीत आहे का, हे पाहण्याआधी नोटरीवर एक रुपयाही घालवू नका. काकांचं गाव पाहायला आम्हाला दहा मिनिटं लागली, आणि खरं तर ती दहा मिनिटं सगळ्यात आधी द्यायला हवी होती. ते यादीत निघालं.

ज्यांचं गाव यादीत नाही, त्यांच्यासाठी पुढचं. पट्ट्याचा करार उपनिबंधकाकडे नोंदवायचा, अनामत भरायची, हद्दीचे खांब रोवायचे. सुरुंग लावायचे तर स्फोटकांचा परवाना आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाला सूचना. डेड रेंट हा शब्द कराराच्या वेळी नीट समजून घ्या. वर्षभर एक टोपलीही काढली नाही तरी तो भरावा लागतो. माल काढला तर रॉयल्टी आणि डेड रेंट यांपैकी जे जास्त ते. हौसेने मोठं क्षेत्र मागणारे इथेच अडकतात. खडीसाठी क्रशर टाकायचा असेल तर तो पट्ट्यात येत नाही. त्याला २०११ च्या क्रशर नियंत्रण कायद्याखाली वेगळा परवाना आणि जागेचं बिगरशेती रूपांतर.

एवढे कागद कशाला, असं प्रत्येकजण विचारतो. बळ्ळारीत लोहखनिजाची लूट झाली, लोकायुक्तांचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिथलं खाणकाम थांबवलं. तेव्हापासून ऑनलाइन परवाना, वजनकाटा, गाडीला जीपीएस. चोरी झाली लोखंडाची, पण चिरेवाल्यालाही त्याच चाळणीतून जावं लागतं.

मोठी स्वप्नं असतील तर

माळाखाली सोनं-तांबं आहे अशी खात्री असणारेही येतात. प्रमुख खनिजांचे पट्टे १२ जानेवारी २०१५ पासून फक्त लिलावाने मिळतात, जमीनमालकाला अग्रहक्क नाही, भरपाई मिळते. २०२३ च्या दुरुस्तीने सोनं, तांबं, लिथियम धरून २९ खनिजांसाठी शोध परवाना आलाय. त्याची बोली उलटी असते: पुढे खाण ज्याला मिळेल त्याच्या लिलाव रकमेतला वाटा कोण कमी मागतो, तो जिंकतो. मुदत पाच वर्षं, दोन वाढवून मिळू शकतात. हे कंपन्यांचं काम. पण भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माहिती भूकोश पोर्टलवर कुणालाही पाहता येते. आपल्या गावाचा नकाशा उघडून बघा, दलालाच्या गप्पांपेक्षा बरा.

शेवटचं गाडीवाल्यांसाठी. प्रत्येक खेपेला ऑनलाइन काढलेला परवाना, त्यावर गाडी नंबर, टन आणि वेळ. वेळ उलटली की तो परवाना मेला, पंक्चर झालं होतं हे कुणी ऐकत नाही. आणि शिनोळीवरून चंदगडात माल घालायचा असेल तर कर्नाटकाचा परवाना हद्दीपर्यंतचा आहे, पलीकडे महाराष्ट्राच्या पद्धतीने वेगळी नोंद लागते. त्यासाठी मात्र मेहुण्याला विचारा.