ड्युटी भरली म्हणजे गाडी कायदेशीर झाली?

'दुबईहून परतताना स्वतःची गाडी आणायची, कस्टम्स ड्युटी भरायची, की झालं!' हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. खोटं आहे. ड्युटी हा कर आहे, परवानगी नव्हे. आयात होणारी जुनी गाडी उत्पादनापासून ३ वर्षांच्या आतली, उजव्या स्टिअरिंगची आणि मुंबई बंदरातून आलेली लागते. हेडलाइटसुद्धा आपल्या डाव्या बाजूच्या वाहतुकीला साजेसे हवेत. दुबईतल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे तिथेच विषय संपला. (परतणाऱ्यांना सामानावर मिळणारी सवलतही गाडीला लागू नाही.) नियम मोडून आणलेली गाडी कस्टम्स कायदा, १९६२ खाली जप्त होऊ शकते, अगदी पुढे विकत घेणाऱ्याच्या दारातूनही. कार्नेवर (ड्युटी न भरता तात्पुरती गाडी आणण्याचा कागद) आलेली गाडी तर निव्वळ पाहुणी. मुदतीत परत न्यावीच लागते.