एमपी-५के आणि आखूड एके: फरक लांबीत नाही, काडतुसात आहे

गडचिरोली-चंद्रपूरकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांमध्ये एक समज पक्का बसलाय: बंदूक आखूड दिसली की एसएमजी (सबमशीनगन), लांब दिसली की रायफल. वडसा-आरमोरीच्या मैदानावर धावून झालं की मोबाईलवर कमांडोंचे फोटो निघतात आणि एमपी-५के व एकेएस-७४यू या दोन्ही बंदुका बिनदिक्कत एसएमजी ठरतात. त्यातली पहिलीच सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाचं काडतूस झाडणारी स्वयंचलित बंदूक आहे. दुसरी आखूड केलेली एके रायफल आहे. अंगावर वर्दी चढवायची असेल, तर हा फरक आत्ताच नीट समजून घ्या.

एमपी-५के पिस्तुलाचं ९ बाय १९ मिलिमीटर काडतूस वापरते. जेमतेम तीन सेंटिमीटर लांब, बुटकं, बोथट नाकाचं. एकेएस-७४यूचं ५.४५ बाय ३९ मिलिमीटर काडतूस जवळपास दुप्पट लांब. पुंगळी मानेपाशी निमुळती, गोळी बारीक आणि टोकदार. जाड गोळीत जास्त दम, असं वाटणं साहजिक आहे, पण हिशोब उलटा निघतो. ९ एमएमची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३७५ मीटरच्या आसपास वेगाने सुटते. दुसरीची गोळी निम्म्याहून हलकी, पण वेग ७३५ मीटर. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, हे शाळेत शिकलोच आहोत. त्यामुळे हलक्या गोळीची ऊर्जा दीडपटीहून जास्त भरते. पिस्तुलाची गोळी अडवणारं कापडी बुलेटप्रूफ जॅकेट रायफलच्या गोळीपुढे टिकत नाही, तिथे आत कडक प्लेट लागते.

मग एमपी-५के कमी दर्जाची का? अजिबात नाही. जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने १९७६ मध्ये एमपी-५ छोटी करून ती बनवली: लांबी ३२५ मिलिमीटर, वजन दोन किलोच्या आसपास, कोटाखाली लपेल अशी. आपल्या पोलिसांतल्या जुन्या ९ एमएम कार्बाइनमध्ये (नावाने कार्बाइन, पण जातीने सबमशीनगनच) ट्रिगर दाबल्यावर जड बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा लोखंडी ठोकळा, पुढे धावतो आणि नेम हलतो. एमपी-५च्या घराण्यात बोल्ट आधीच बंद असतो, म्हणून पहिली गोळी अचूक जाते. ओलीस शेजारी उभा असताना याच अचूकतेवर त्याचा जीव असतो. १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासात ओलीस सोडवणाऱ्या ब्रिटिश एसएएस कमांडोंच्या हाती आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यात आपल्या एनएसजी कमांडोंच्या हाती एमपी-५ होती, ती उगाच नाही.

एकेएस-७४यू सोव्हिएत लष्करात १९७९ च्या सुमारास आली, वाहनांतल्या सैनिकांसाठी आणि खास पथकांसाठी. बॅरल २०६ मिलिमीटरचं, त्यामुळे दारू पूर्ण जळायच्या आत गोळी बाहेर पडते. जाळ आणि आवाज मोठा.

गडचिरोलीत १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी उभं केलेलं सी-६० हे नक्षलविरोधी कमांडो पथक खोल्यांत नाही, जंगलात लढत आलंय. नाल्यापलीकडून, बांबूच्या बेटाआडून गोळीबार होतो तेव्हा शंभर मीटरपुढे ९ एमएमचा जोर ओसरू लागतो. म्हणून तिथे जवानाच्या हातात एके-४७ दिसते.

फोटोत ओळखायचं असेल तर बॅरलच्या वर पाहा. गॅसची नळी आणि खाली रुंद, बाकदार मॅगझिन असेल तर ती एके. पुढे उभी मूठ आणि सडपातळ मॅगझिन असेल, मागे बट नसेल, तर ती एमपी-५के.